बिनक्लचच्या गाडीचं लाल तेल

दम्माम,
दि. ७ जानेवारी १९८३

ती. बाबांस,
श्रीमंतचा सविनय जयभीम वि. वि.

ड्राफ्ट परत आला. मागचाही असाच आला होता, हा दुसरा. तुम्ही पैसे घेत न्हाई तर नका घेऊ, पण आता चौथ्यांदा लिहून राहिलो की गाडीचा गिअरबॉक्स मी जाळला न्हाई. अकरा पोरं भरून उदगीरला कुस्त्या पाहायला गेलो, ही गोष्ट खरी. तुम्हाला न विचारता गेलो, हीपण खरी. पण गाडी चढावर बसली ती पोरांच्या वजनानं न्हाई. बोअर पाडायला आलेल्या परदेशी साहेबांच्या काळात तीच गाडी लोखंडी पाइप लादून हदगावपर्यंत जाऊन येत होती. तेव्हा तिला काही झालं न्हाई, अन् अकरा उपाशी पोरांनी ती मेली? तुम्ही साऱ्या गावाला सांगितलं की पोरगं गाडी जाळून अरबस्तानात पळालं. मी पळालो न्हाई. पासपोर्ट काढून, सगळ्यांच्या पाया पडून आलो. तुम्ही तेवढं तोंड फिरवून बसले होते.

इथं येऊन चौदा महिने झाले. पहिलं काम फरशीचं होतं, सोडलं. दुसरं बेकरीत, तेही सोडलं. हा कुठं टिकत न्हाई असं तुम्ही म्हणणार, मला इथूनच ऐकू येतं. पण तिसरं काम गॅरेजात लागलं त्याला आता पाच महिने झाले, अन् अजून सोडावंसं वाटलं न्हाई. कारण ऐका. इथल्या साऱ्या पिकअप आपल्यासारख्याच हायेत. डाव्या हाताला स्टिअरिंग, पायाखाली दोनच पेडल, क्लच न्हाई. गावात जिला लोक 'आपोआप' म्हणून हसतात, तशा गाड्यांखाली मी रोज दहा तास पडलेला असतो. गिअरबॉक्स कशानं मरतो अन् कशानं जगतो हे आता मला थोडं कळून राहिलं.

सिंधूच्या पत्रात वाचलं की उदगीरचे गॅरेजवाले मन्मथ सेठ आपोआपचा गिअर काढून जीपचा बसवा म्हणतात. बाबा, तसं करू नका. जीपचा गिअर म्हणजे क्लच आला. बोअरचा पाइप पडल्यापासून तुमचा डावा गुडघा वाकत न्हाई. गाडी राहील, पण तुम्ही शेजारी बसून दुसऱ्याला रस्ता दाखवाल. साहेबलोकांनी जाताना ती गाडी तुम्हालाच का देऊन टाकली, ते आठवा.

मला तीन गोष्टी कळवा. गिअरच्या तेलाचा रंग कसा हाय, वास कसला येतो, अन् ते तेल मोजायची जी लांब पट्टी हाय तिच्या मुठीजवळ कोणती अक्षरं ठोकलेली हायेत. तुमचा माझ्यावर भरवसा नसेल तर सिंधूला पाहायला सांगा.

मायला जयभीम. लोभ हाय तेवढा राहू द्या, राग थोडा कमी केला तरी माझी काही तकरार न्हाई.

आपला,
श्रीमंत

ता. क. पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद लिहिला हाय. कॅम्पातला एक उदगीरकर म्हणतो की आपण आता लातूर जिल्ह्यात गेलो. खरं काय ते लिहा.

———

डोंगरहाळी, पो. जळकोट,
ता. उदगीर, जि. लातूर
दि. २४ जानेवारी १९८३

चि. श्रीमंत यास अनेक आशीर्वाद. (बाबा सांगत आहेत, मी लिहिते. शब्द त्यांचेच आहेत, मी फक्त शिव्या गाळल्या. — सिंधू)

तुझं पत्र उस्मानाबादेला फिरून आलं, त्यात चार दिवस गेले. जिल्हा लातूर झाला. पंधरा ऑगस्टपासून झाला. तू तिकडं वाळूत काय पाहतोस ते पाहा, पण पत्ता तरी नीट लिही.

सातवीत तीनदा बसलेल्यानं बापाला गिअर शिकवू नये. दुसऱ्याची गाडी न्यायची तर लोक भाडं देऊन नेतात. तू न विचारता नेलीस, अकरा जण फुकट बसवलेस आणि घोडचढावर सोडून पायी आलास. हे मी विसरणार नाही, म्हणून ड्राफ्ट पाठवू नको.

इकडची खबर अशी. पाऊस भादव्यातच गेला. वस्तीची विहीर कधीच आटली. व्यंकटरावांचा ट्रॅक्टर तळ्यावरून टाकी आणतो आणि गावातल्या मोठ्या विहिरीत ओततो. तिथं आपला दोर चालत नाही, तुला माहीत आहे. कुणी वाढलं तर आपली घागर भरते. तुझी माय दिवस उगवायला दोन घागरी घेऊन जाते ती जेवणवेळेला परत येते.

पण नवा जिल्हा झाला तसा तहसिलीत नवा साहेब आला आहे. तो म्हणतो, पाण्याच्या गाड्या गावातल्याच लावायच्या, आणि कुठली गाडी कुठं पाणी उतरवणार ते कागदावर लिहून द्यायचं. डोंगरहाळीला दोन गाड्या मिळणार, एक गावाला, एक आपल्या वस्तीला. व्यंकटरावांनी दोन्हींसाठी ट्रॅक्टरचा अर्ज दिला. मी वस्तीसाठी आपोआपचा अर्ज दिला. साहेबानं विचारलं की गाडी चालू आहे काय. मी हो म्हणालो. एप्रिलात पाण्याचे भरलेले पिंप घेऊन घोडचढावर परीक्षा घेणार आहेत. सध्या गाडी दारात उभी आहे आणि तुझी माय तिच्या बॉनेटवर शेवया वाळवते.

मन्मथ सेठ म्हणतात, ट्रॅक्टरचं तेल टाका, तेल सारं सारखंच. तुला काय लिहायचं ते लिही. माझं नुकसान तू आधीच केलेलं आहेस, पत्रानं आणखी काय होणार आहे.

— लिंबाजी (अंगठा नाही, सही केली आहे, पाहून घे)

दादा, आता माझं. तेलाचा रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा आहे. वास करपलेल्या गुळाचा. पट्टीवरची अक्षरं घासून गेली आहेत, नुसती वाचता येत नाहीत. म्हणून मी त्यांच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, नाण्यावर घासतो तशी. तो कागद सोबत आहे. त्याच्याच खालच्या कोपऱ्यात तेलाचा एक थेंब टाकला आहे, म्हणजे रंग तुलाच दिसेल. बाबा त्या वेळी अंगणातच होते पण दुसरीकडे पाहत होते. माझी दहावीची परीक्षा मार्चात आहे. मायचा पापा.

तुझी सिंधू

———

दम्माम,
दि. ८ फेब्रुवारी १९८३

ती. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

सिंधूच्या त्या कागदानं मला वाचवलं. कसं ते सांगतो, हसू नका. तुमचं पत्र यायच्या आधीच मी बाजारातून तेलाचे बारा डबे घेऊन ठेवले होते. इथं बहुतेक गाड्यांत डेक्सरॉन नावाचं लाल तेल पडतं. रोज हातानं ओतून राहिलो, म्हणून डोक्यात तेच पक्कं बसलेलं. लाल म्हणजे लाल, त्यात काय निवडायचं, असं मला वाटलं.

आमचा उस्ताद पेशावरचा म्हातारा हाय, दाढीला मेंदी लावतो. त्यानं सिंधूचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. आधी तेलाचा थेंब अंगठ्यानं चोळून पाहिला. तेल करपलंय पण त्यात काळे कण न्हाईत, म्हणजे आतल्या प्लेटा अजून जिवंत हायेत, असं म्हणाला. मग पेन्सिलीतून उमटलेली अक्षरं पाहिली. शेवटचं एफ स्वच्छ दिसत होतं. त्यानं मला विचारलं की मी कोणतं तेल घेतलंय. मी ऐटीत डेक्सरॉन सांगितलं. तेव्हा तो म्हणाला की हे तेल तुझ्या डोक्यातल्या गाडीचं हाय, तुझ्या बापाच्या गाडीचं न्हाई.

आपल्या गाडीला टाइप एफ लागतं. तेही लालच असतं, शेजारी ठेवलं तर ओळखू येत न्हाई. फरक असा समजा. पैलवान हाताला माती लावून पकड घालतो, तशी आपल्या गाडीच्या प्लेटांची पकड हाय, एकदम घट्ट. टाइप एफ त्या पकडीला धरून बनवलेलं हाय. दुसऱ्या तेलात प्लेटा हळूहळू सरकत पकडतात. ज्या गाड्या तशाच बनवल्या त्यांना ते गोड लागतं, आपलीला मात्र तेल चोपडलेल्या हातानं कुस्ती खेळायला लावल्यासारखं होतं. चढावर ती घसरत राहील अन् पुन्हा जळेल. ट्रॅक्टरच्या तेलाचं तर नावच नका काढू. मन्मथ सेठ चांगला माणूस हाय, पण सगळं तेल सारखं असतं तर उस्तादाच्या दुकानात एकच पिंप राहिला असता.

डबे बदलून घेतले. टाइप एफ जुनं तेल हाय, आता कमी मिळतं, त्यासाठी दोन जुम्मे बाजारात फिरलो. बारा डबे मिळाले. आमच्या कॅम्पातले पंचाक्षरी सुटीवर नांदेडला चालले. त्यांनी स्वतःच्या पेटीतलं एक घोंगडं अन् खजूर काढून डबे ठेवून घेतले. २२ तारखेला ते नांदेडात असतील, घर स्टेशनजवळ हाय, पत्ता मागं लिहिला. तुम्ही एस.टी.नं जा, डबे मांडीवर घेऊन या, टपावर टाकू नका.

आता करायचं काय ते. गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरचं तेल सोडलं की सारं तेल गेलं असं समजू नका. निम्मं तेल पुढच्या गोल ड्रममध्ये बसलेलं असतं. ड्रम हातानं फिरवला की त्याचा नट खाली येतो, तोही सोडा. नवं तेल वरच्या नळीतून टाका. मग गाडी सपाटीवर उभी करून इंजिन गरम होऊ द्या, दांडी सगळ्या गिअरांवरून एकदा फिरवून आणा, अन् इंजिन चालू असतानाच पट्टी पाहा.

बाबा, इथं एक गोष्ट विचारतो, रागावू नका. साहेबलोक गेल्यावर तुम्ही पट्टी इंजिन बंद करून पाहत होते ना? ट्रकची, ट्रॅक्टरची, साऱ्यांची तशीच पाहतात. पेट्रोलही वाचतं. पण या गाडीत इंजिन बंद केलं की ड्रममधलं तेल खाली उतरतं, अन् कमी असलेलं तेल पट्टीवर भरल्यासारखं दिसतं. तीन वर्षं ती तुम्हाला भरलेली दिसली असेल, अन् आत उपाशी असेल. मी तुम्हाला दोष देत न्हाई. मला फक्त माझ्या अंगावरचा अर्धा काढून पाहिजे.

मायला सांगा, शेवया दुसरीकडं वाळवायची तयारी कर.

लोभ असू द्या. गाडी चालली की थोडा वाढवा.

श्रीमंत

———

डोंगरहाळी,
दि. १३ मार्च १९८३

चि. श्रीमंत यास आशीर्वाद.

डबे आले, तेल टाकलं, आणि गाडी दोन दिवस चालली. जळकोटला जाऊन आलो तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन पाहत होते. वस्तीतल्या बायकांनी आपले पिंप घासून ठेवले.

तिसऱ्या दिवशी तळ्यावरून चार पिंप पाणी भरून निघालो. दीड मैलावर इंजिन बोंबलू लागलं आणि गाडी जागची हलेना. व्यंकटरावांचा ट्रॅक्टर मागून आला. त्यांच्या ड्रायव्हरनं दोर बांधला आणि मला माझ्या गाडीसकट गावातून ओढत आणलं. लग्नाच्या वरातीला जमत नाहीत तेवढे लोक जमले होते. मी स्टिअरिंग धरून समोर पाहत बसलो होतो. तुझ्या परदेशी तेलानं हा दिवस दाखवला.

आणि गंमत अशी की घरी येऊन अर्धा तास थांबली तर तीच गाडी आपल्या पायानं अंगणात फिरली. काल पुन्हा रस्त्यावर नेली, पुन्हा दीड मैलावर तेच. जनावर असतं तर म्हटलं असतं की खोटं लंगडतंय.

परीक्षा १२ एप्रिलला ठरली आहे. आता खेळ पुरे. मन्मथ सेठला शब्द दिला. तो १ एप्रिलला साखळीचा कप्पा घेऊन येईल, गिअरबॉक्स काढून नेईल आणि जीपचा बसवून देईल. चालवायला व्यंकटरावांचा पुतण्या तयार आहे. मी शेजारी बसेन. पाणी वस्तीत आलं म्हणजे झालं, कोणाच्या हातानं आलं ते पाहायचं नाही.

पट्टीचं तू विचारलंस. त्याचं उत्तर देत नाही.

— लिंबाजी

दादा, शेजारी बसेन हे वाक्य सांगताना बाबा मध्येच उठून पाणी प्यायला गेले. पाणी मोजून पितो सध्या, म्हणून लिहिते.

चूक कुठं झाली मला कळत नाही. तू सांगितलंस तसंच सारं केलं. गाडीखाली मीच गेले होते, बाबांना पाय मुडपून निजता येत नाही. हातपंप दुरुस्त करणाऱ्याकडून पाने मागून आणले. ड्रम फिरवला, त्याचा नट सोडला, दोन्हीकडचं काळं तेल काढलं. इंजिन चालू ठेवून पट्टी पाहिली, बरोबर भरली होती. स्वच्छता तर विचारू नकोस. मायनं एक थेंबही तसाच आत जाऊ दिला नाही. एवढ्या लांबून विमानातून, आगगाडीतून आलेलं तेल, आत काय पडलं असेल कोण जाणे, म्हणून तिनं प्रत्येक डबा तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळून दिला. नारूच्या भीतीनं पाणीसुद्धा सध्या तसंच गाळतो.

विज्ञानाचा पेपर बरा गेला. शेजारची मुलगी म्हणाली की माझ्या हाताला घासलेटाचा वास येतो.

सिंधू

———

दम्माम,
दि. २५ मार्च १९८३

ती. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

गिअरबॉक्स काढू नका अशी तार काल केली हाय, ती मिळाली असेल. मिळाली नसेल अन् मन्मथ सेठ आला असेल, तर हे पत्र त्याच्याच हातात द्या. पण मला वाटतं मिळाली.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुटीत वाचलं. पहिल्यांदा वाचून डोकं फिरलं. रागानं काम सोडून निघालोही होतो. फाटकापर्यंत गेलो. मग दुसऱ्यांदा वाचलं, अन् तिथंच उभा राहिलो. बाबा, तुम्ही रागात लिहिलं, पण दुखणं अगदी नेमकं लिहिलं. दीड मैल चालते, मग बसते, अर्धा तास थांबली की पुन्हा चालते. मेलेल्या प्लेटा विसावा घेऊन जिवंत होत न्हाईत. जळालेला गिअर अंगणातपण चालला नसता. थांबलं की बरं होणारं दुखणं एकच असतं. आत तेल ओढायच्या तोंडाला जाळी हाय, तिला काहीतरी चिकटतं. गाडी चालली की ते ओढलं जाऊन बूच बसतं, थांबली की सुटून खाली पडतं.

ते काहीतरी काय, ते सिंधूनं खाली लिहिलेलं हाय. मायचं लुगडं.

जुनं मऊ सुती लुगडं पाण्याला चांगलं. पण धुऊन धुऊन त्याचा धागा सुटतो. पाण्यातून चार तंतू पोटात गेले तर माणसाला कळत न्हाई. या गिअरबॉक्सला एकेक तंतू कळतो. उस्ताद तर आम्हाला पट्टीसुद्धा कपड्यानं पुसू देत न्हाई, कागदानं पुसायला लावतो. मायला काही बोलू नका. चूक माझी हाय. डबे सीलबंद असतात, इथं कुणी गाळत न्हाई, म्हणून गाळू नका हे लिहायचं मला सुचलंच न्हाई. आपल्या घरात न गाळता काही आत जात न्हाई हे मी विसरलो, तेही माझंच घर असून.

आता सिंधूनं असं करावं. चेंबर खाली घ्यावं, तेल कळशीत धरावं, घासून वाळवलेल्या. वर ताट झाकून दोन दिवस हलवू नये. धागे तळाला बसतील. वरचं निवळ तेल हळू वेगळं करावं अन् चहाच्या तारेच्या गाळणीतून काढावं. तळचं फेकून द्यावं. जाळी घासलेटात धुवावी, मागून फुंकर मारावी, उन्हात धरून आरपार उजेड दिसतो का पाहावा. हात पुसायचे तर वर्तमानपत्राला पुसावेत. तळचं फेकल्यावर तेल थोडं कमी पडेल, त्याला काय करायचं ते मला सुचून न्हाई राहिलं. बाराच्या वर डबे मिळाले न्हाईत.

बाबा, व्यंकटरावांच्या पुतण्याला हो म्हणू नका. एवढं ऐका. आयुष्यात एकदा तरी माझं ऐका अन् मग जन्मभर नका ऐकू.

श्रीमंत

———

डोंगरहाळी,
दि. १५ एप्रिल १९८३

चि. श्रीमंत यास अनेक अनेक आशीर्वाद.

तार आली तेव्हा तुझ्या मायनं आधी रडून घेतलं आणि मग सिंधूला वाचायला दिली. गिअरबॉक्स काढू नका हे ऐकल्यावर तिनं पोस्टमनला शिव्या दिल्या. पुढच्या वेळी पैसे खर्चून तार करशील तर पहिला शब्द खुशाल असा घाल.

मन्मथ सेठ साखळी घेऊन आला होता. त्याला चहा पाजला आणि पत्राची वाट पाहतोय म्हणून परत पाठवला. भाड्याचा टेंपो करून आला होता, तोंड वाकडं करून गेला. तुझं पत्र ५ तारखेला आलं. त्याच दिवशी सिंधू गाडीखाली शिरली. चेंबर खाली घेतलं तर जाळीवर हिरवा थर बसलेला, पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर शेवाळ असतं तसा. तुझ्या मायनं बोटानं उचलून पाहिला आणि लुगडं ओळखलं. मग ती हसत सुटली ती थांबेना. आता साऱ्या वस्तीला सांगते की माझं लुगडं आपोआपनं नेसलं होतं.

तेल तू सांगितलंस तसं निवळलं. दोन डबे कमी पडले. तर ऐक. तू बारा पाठवलेस, त्यातले मी दहाच दिले होते. दोन कणगीत ज्वारीखाली ठेवले होते. नवी वस्तू सारी एका दिवशी संपवू नये. ते दोन न गाळता घातले.

बारा तारखेला घोडचढाखाली निम्मा तालुका जमला होता. तहसिलीचे साहेब जीपमधून आले. आधी व्यंकटरावांचा ट्रॅक्टर गेला. गेला वरपर्यंत, खोटं कशाला बोलू. पण साहेब हुशार निघाला. तो म्हणाला, रस्त्यात बाया-पोरं आडवी येतात, मध्ये थांबावं लागतं, म्हणून प्रत्येकानं अर्ध्या चढावर थांबून पुन्हा निघून दाखवायचं. मागच्या चाकाला टेकून त्यानं एक काडेपेटी उभी ठेवली. गाडी मागं सरकली तर काडेपेटी पडणार. ट्रॅक्टर निघताना हातभर मागं आला, क्लचचा धूर निघाला, काडेपेटी चेपली. साहेबानं दुसरी काढली.

मग मी गेलो. चार पिंप काठोकाठ. त्या उदगीरच्या अकरा पोरांतल्या सात जणांनीच ते भरून दिले, त्यांना लाज आहे. चढाच्या मध्यावर थांबलो, ऐन तिथंच, जिथं तू गाडी सोडली होतीस. उजव्या पायाची टाच ब्रेकवर आणि चवडा रेसवर. डावा पाय आपला लांब पसरून आरामात. सात जण खाली श्वास धरून उभे. रेस दिली, टाच उचलली. श्रीमंत, ती अशी निघाली की पिंपातलं पाणी डचमळलं नाही. साहेब खाली वाकला. काडेपेटी उभी होती. त्यानं ती उचलून खिशात घातली आणि विचारलं, या गाडीत क्लच कुठं आहे. मी म्हणालो, क्लच दम्मामला आहे, पोराकडं.

व्यंकटराव जवळ आले. आता वाकडं बोलणार असं वाटलं. ते गाडीत डोकावून दोनच पेडल मोजून गेले आणि त्यांच्या ड्रायव्हरला म्हणाले की आपल्यालाही असं काही मिळतं का बघ. गावाची फेरी त्यांना मिळाली, वस्तीची मला. कागदावर लिहून मिळालं, पाणी कुठं उतरवायचं तेसुद्धा.

काल चौदा एप्रिल. जयंतीच्या सकाळी पहिली फेरी आणली. निळ्या झेंड्याखालच्या हौदात पाणी पडायला लागलं तेव्हा वाजवणारे वाजवायचं विसरून पाहत राहिले. तुझ्या मायनं आपल्या हातानं घागर बुडवली, आपल्या हातानं उचलली, आणि पाच मिनिटांत घरी आली. एवढ्या लवकर आली म्हणून काय करावं ते तिला सुचेना. मग तिनं अंगण सारवलं.

आता एक गोष्ट. सिंधूला मी सांगितलं की हे नीट अक्षरात लिही. पट्टी मी इंजिन बंद करूनच पाहत होतो. तीन वर्षं. साहेबलोकांचा मिस्त्री चालू ठेवून पाहायचा तेव्हा मी त्याला पेट्रोल जाळतो म्हणून हसलो होतो. गिअर तू जाळला नाहीस. म्हणजे सगळा तू जाळला नाहीस. अकरा जण बसवले ते बसवलेच.

ड्राफ्ट पाठवायचा असेल तर पाठव.

— लिंबाजी

दादा, शेवटून दुसरा मजकूर बाबांनी तीनदा बदलायला लावला. पहिल्यांदा सांगितलं की चूक दोघांची. मग ते खोडायला लावलं. मग अर्धा तास गाडीत जाऊन बसले, आणि आल्यावर वरचं सांगितलं. सगळा हा शब्द मात्र माझ्या हातावर टिचकी मारून घालायला लावला.

हातपंपवाल्यानं पाने परत नेले. या गाडीला इंचाचे पाने लागतात, ते त्याच्याकडंही चारच होते. वस्तीतली म्हातारी साखराबाई मला आता मिस्त्रीणबाई म्हणते. ती चिडवते, पण मी चिडत नाही. निकाल जूनमध्ये. पास झाले तर नांदेडला यंत्राचं शिक्षण घ्यायचं म्हणते. बाबांना सांगितलं तेव्हा ते दुसरीकडे पाहत होते.

सिंधू

———

दम्माम,
दि. २ मे १९८३

ती. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र उस्तादाला वाचून दाखवलं. मराठीचं हिंदी करत, मध्ये मध्ये आपली दखनी घालत. काडेपेटीपाशी आलो तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला अन् पुन्हा वाचायला लावलं. लुगड्यापाशी तर त्याच्या मेंदीच्या दाढीतून पाणी गळेपर्यंत हसला. आता गॅरेजात कुणी पट्टी कपड्यानं पुसली की तो ओरडतो की लुगडं आणू नका. अरबी, फिलिपिनी, मलबारी, साऱ्यांना तो शब्द पाठ झाला. मायला सांगा, तिचं लुगडं इथं मशहूर हाय.

तुम्ही सांगितलेलं, पट्टीचं, मी कुणाला वाचून दाखवलं न्हाई. ते मी एकट्यानं वाचलं. तेवढ्या कागदाची घडी खिशात ठेवली हाय. सगळा या शब्दावर माझी काही तकरार न्हाई. अर्धा माझा, अर्धा तुमचा, असं समजून मिटवू.

जुबेलला एक कंपनी जास्त पगार देऊन राहिली. मागचा मी असतो तर आजच पेटी बांधली असती. पण उस्ताद म्हणतो, पावसाळ्यापर्यंत राहा, तुला गिअरबॉक्स पुरा खोलायला शिकवतो. म्हणून राहतो. तुम्ही गावात सांगा की पोरगं एका जागी नऊ महिने टिकलं. कुणाचा विश्वास बसणार न्हाई, पण सांगून पाहा.

टाइप एफचे सहा डबे आणखी मिळाले, पुढच्या महिन्यात देगलूरचा एक माणूस सुटीवर तिकडं येऊन राहिला त्याच्याकडं देतो. तेल आता दर महिन्याला पाहात जा, इंजिन चालू ठेवून. पेट्रोल जळू द्या.

सिंधूला इंचाचे पाने मी इथून घेत होतो. पण पान्यांची पेटी जड, कुणी नेणार न्हाई. म्हणून ते तिकडंच घ्या, नांदेडात मिळतात, अन् ते तिच्या नावानं घ्या, गाडीच्या न्हाई. पेटीवर रंगानं तिचं नाव घाला. निकाल लागला की तिला स्वतः नांदेडला घेऊन जा, आपोआपमधून जा, एस.टी.नं न्हाई. लोकांना दिसू द्या कोण चालवतं अन् कुणी दुरुस्त केली. दुसरीकडं पाहणं आता बंद करा.

मायला माझा जयभीम, अन् अंगण सारवून झालं असेल तर थोडं निवांत बसायला सांगा. एवढे दिवस तिला ते आलं न्हाई.

सोबत ड्राफ्ट हाय. हा घरखर्चाचा न्हाई, माझ्या पगाराचा हिस्सापण न्हाई, म्हणून परत पाठवता येणार न्हाई. दुसऱ्याची गाडी न्यायची तर लोक भाडं देऊन नेतात, असं तुम्हीच लिहिलं होतं. डोंगरहाळी ते उदगीर, जायचं-यायचं, मी ड्रायव्हर म्हणून फुकट धरला. बाकीची अकरा पोरं, माणशी शंभर. रुपये अकराशे.

आपला,
श्रीमंत